साडेआठची सुई

जालन्याकडे तीन आठवडे जाते आहे म्हटल्यावर वसतिगृहातल्या मैत्रिणींनी मला दोनच प्रश्न विचारले. तिकडे पाणी असतं का, आणि जेवायला रोज ठेचाच देतात का. मी चिपळूणची. पावसाला कंटाळलेल्या गावात वाढल्यामुळे मीही मनातून भेदरलेच होते. जाऊन आल्यावर दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. पाणी होतं. ठेचाही होता, आणि तो मी दुसऱ्यांदा मागून घेत होते.

कशासाठी गेले होते ते आधी सांगते. डॉक्टरांच्या एका संघटनेने माझी अभ्यासक म्हणून निवड केली होती. ही संघटना दरवर्षी वैद्यकीयच्या मोजक्या विद्यार्थ्यांना आपल्यातल्या एखाद्या अनुभवी डॉक्टरांकडे लहान गावात पाठवते. तिथे एक पेशंट नीट अभ्यासायचा, त्याची हकिकत लिहायची आणि वार्षिक परिषदेत सगळ्यांसमोर वाचायची. ज्याची हकिकत आवडेल त्याला पुढचं वर्षही योजनेत ठेवतात. आम्हाला सगळे 'स्कॉलर' म्हणत. हा शब्द माझ्या डोक्यात किती चढला होता, हे आईला विचारा. घरी फोनवर बोलतानासुद्धा मी तिला औषधांची पूर्ण नावं सांगायला लागले होते.

जालना

पोहोचले ती महालक्ष्म्यांच्या जेवणाची संध्याकाळ होती. पहिला मुक्काम संघटनेच्या शाखेचे सचिव राहतात त्या मस्तगडातल्या घरी. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची जुडी, तिला नेसवलेली साडी आणि घावन-घाटलं. इथे दोन सख्ख्या बहिणी मुखवटे लावून, शालू नेसून, मोठ्या घरच्या सुनांसारख्या उभ्या होत्या. शेजारी त्यांची लेकरंसुद्धा मांडलेली. पुढ्यात सोळा भाज्या, आंबील आणि पुरणपोळ्यांची चळत. पोळीवर तूप वाढत नव्हते, ओतत होते.

"सर, आज शहरातले किती मधुमेही हे खात असतील?" मी सचिवांना विचारलं.

"सगळेच," ते म्हणाले. "अन् परवा सगळेच माझ्याकडं येतेन. तुम्ही खा, पोळी थंडी होऊन राह्यली."

मी चार पोळ्या खाल्ल्या.

घनसावंगी

दुसऱ्या दिवशी एसटीने अंबडमार्गे घनसावंगी. खिडकीतून कपाशी, मग ऊस, मग मोसंबीच्या बागा आणि पुन्हा कपाशी. जमीन इतकी काळी की आमच्या तांबड्या मातीत वाढलेल्या डोळ्यांना ती ओली करून ठेवलीय असंच वाटत राहतं. त्या दिवशी खरंच ओली होती. दोन दिवस पाऊस धरून होता आणि पुढेही दोन दिवस तो हलला नाही.

साळवे सर याच तालुक्यातले. मोठ्या शहरात शिकून परत आलेले, पन्नाशी ओलांडलेले, आवाज कधीच न चढवणारे. दवाखाना खाली, घर वर. दिवाणखान्यात बुद्धमूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं आणि टेबलावर नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांचा ढीग. मला वरचीच एक खोली मिळाली. वहिनी पहिल्याच रात्री येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी घेऊन आल्या आणि मी ती भाकरी आमटीत बुडवून पोळीसारखी खाऊ लागले तेव्हा पोट धरून हसल्या. भाकरी कुस्करायची असते. एवढं शिक्षण माझं पहिल्या दिवशी झालं.

सरांची एक सवय मला मुळीच पटली नाही. पेशंट समोर बसला की ते रिपोर्ट बाजूला ठेवत आणि विचारत, "सकाळपासून काय काय केलं?" मग म्हशीचं दूध, नळाला पाणी, शाळेची रिक्षा, पुतण्याची सोयरीक, सगळं निघे. बाहेर बाकं भरलेली. मी एकदा मोबाईलवर वेळ लावून पाहिली आणि मनात म्हटलं, या गप्पा कमी केल्या तर दुप्पट पेशंट होतील. तसं वहीत लिहूनही ठेवलं, 'सुधारणेला वाव' या मथळ्याखाली. आता ते पान पाहिलं की कान गरम होतात.

प्रयागबाई तिसऱ्या दिवशी आल्या. घनसावंगीजवळच्या एका खेड्यातल्या, पन्नाशीच्या, उंच आणि काटक. पायाच्या अंगठ्याला चार महिन्यांची जखम. साखर कायम चढलेली, गोळ्या पुरेनाशा झालेल्या. इन्सुलिन घ्या म्हणून सर वर्षभर त्यांच्या मागे होते आणि वर्षभर त्या नाही म्हणत होत्या. कारण एकच. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना सुई लागली आणि महिन्याभरात त्या गेल्या.

त्या दिवशी सरांनी जखम उघडून बराच वेळ पाहिली. "प्रयागबाई, साखर अशीच राह्यली तर अंगठा जाईल. मग पाऊल. मी खोटं बोलत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही पोरगी शिकविती का? माझ्या लेकीएवढी हाय. हिनं शिकवलं तं घेते."

मला आभाळ ठेंगणं झालं. वर्षभर साळवे सरांना जे जमलं नाही ते माझ्या नुसत्या तोंडाकडे पाहून झालं होतं. माझी परिषदेची हकिकत समोर येऊन बसली होती. मी एक मोसंबी घेतली आणि तिच्यात पाणी टोचून दाखवलं. प्रयागबाईंनी दुसऱ्याच वेळी बरोबर टोचलं. हात विलक्षण हलका. मग मी विचारलं, "सकाळचं जेवण किती वाजता?"

"नवाला खाते भाकर."

"मग सुई साडेआठला. अर्धा तास आधी. घड्याळ लावून."

त्यांच्या सुनेने, शीलाने, मोबाईलमध्ये साडेआठचा गजर लावला. सर दुसऱ्या पेशंटजवळ होते. त्यांनी नुसतं विचारलं, "सगळं विचारलं ना?" मी म्हटलं, हो सर. कागदावर रकाने होते आणि माझे सगळे रकाने भरले होते.

पाऊस उघडला

त्या संध्याकाळी पाऊस थांबला आणि चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. साडेअकराच्या सुमारास दवाखान्यासमोर जीप थांबली आणि शीला ओरडत आत आली. मागे दोन बायकांनी प्रयागबाईंना धरलेलं. लुगडं घामाने चिंब, नजर कुठेतरी, तोंडाने त्या भलत्याच कुणाचं तरी नाव घेत होत्या. साखर इतकी उतरलेली की सरांनी आकडा पाहिला आणि बोलण्यात क्षणही घालवला नाही. शिरेतून ग्लुकोज गेलं. काही मिनिटांत त्यांनी डोळे नीट उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सुई तं बराबर साडेआठला घेतल्ती," शीला रडत सांगत होती. सासूला ती आत्या म्हणे. "मंग प्लाटवर गेलो. आत्या कपाशीत बडबडायला लागल्या अन् खाली बसल्या. मी थर्मासातला चहा पाजला म्हणून तरी…"

"आणि भाकरी?" मी विचारलं.

शीलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "क्रॉसिंग चालू असताना कोण खातं?"

मला ते वाक्य कळलं नाही. तरीही मी मान हलवली. संध्याकाळी शीलाने इन्सुलिनची बाटली रुमालात गुंडाळून परत आणून दिली. आत्या आता घेणार नाहीत म्हणाली. सरांनी ती फ्रीजमध्ये ठेवली आणि तिच्यावर प्रयागबाईंच्या नावाची चिठ्ठी तशीच राहू दिली.

शहागड

दर रविवारी सर शहागडला जातात. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलाशेजारी टेबल टाकून ट्रक ड्रायव्हरांची साखर आणि रक्तदाब तपासतात. समोर गोदावरी, पाऊस झाल्यामुळे गढूळ आणि रुंद. आमच्या वाशिष्ठीला भरती-ओहोटी असते, त्यामुळे ती कधी एका मताची वाटत नाही. ही नदी मात्र एकाच दिशेला, सावकाश चालली होती. तासभर मी रक्तदाब मोजले. मग सर म्हणाले, तुम्ही तुमचं लिहिणं करा. मी हॉटेलच्या बाकावर कडक गोड चहा घेऊन हकिकत लिहायला बसले.

ती इंग्रजीत लिहिली, कारण परिषद इंग्रजीत असते. मधुमेह, जखम, इन्सुलिनला नकार, समुपदेशन, होकार, साखर उतरणे. आणि कारण म्हणून मी ते वाक्य लिहिलं जे आमच्या वॉर्डातल्या शेकडो कागदांवर असतं. जेवणाच्या वेळेबाबत दिलेली सूचना रुग्णाने पाळली नाही. लिहिताना हात अडखळला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण खोटं लिहिताना माणूस थबकतो असा माझा समज होता.

सरांनी चष्मा लावून पान वाचलं. "चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "आता ह्याचं मराठी करा अन् प्रयागबाईंना वाचून दाखवा."

"त्यांना कशाला सर?"

"हकिकत त्यांचीच आहे ना?"

एवढं म्हणून ते पुढच्या ड्रायव्हरकडे वळले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. परतीच्या वाटेवर त्यांनी मला मोसंबीच्या बागा दाखवल्या, कुठली कुणाची ते सांगितलं, आणि मी हो-हो करत मनातल्या मनात त्या एका वाक्याचं मराठी करत राहिले. इंग्रजीत ते जितकं गुळगुळीत होतं तितकं मराठीत होईना.

प्रयागबाईंच्या ओसरीवर

सोमवारी शेअर जीपने गेले. बारा जणांच्या जीपमध्ये मी सोळावी. ओसरीवर प्रयागबाई पाय लांब करून बसल्या होत्या, अंगठ्याला पट्टी. शीलाने पाणी दिलं, मग चहा. चहा नको म्हटलं तर दोघीही ऐकेनात. माझ्यावर राग असूनही माझा चहा त्यांनी टाळला नाही, याने मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

मी कागद काढला आणि वाचू लागले. जाऊबाईंचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी मान डोलावली. मोसंबीचं आलं तेव्हा शीला हसली. मग ते वाक्य आलं.

"थांब," प्रयागबाई म्हणाल्या. "कोणी न्हाई पाळलं?"

मी बोट त्या वाक्यावरच ठेवलं.

"तू म्हणली साडेआठ. मी गजर झाल्या झाल्या टोचली. एक मिनीट इकडं न्हाई का तिकडं न्हाई. तू इचारलं तवा पाऊस व्हता, प्लाट बंद व्हता, तवा मी घरी नवाला खात व्हते. पाऊस उघडल्यावर कवा खाती, हे इचारलं का तू?"

"नाही मावशी."

"मंग?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि त्याची काही दखल घेतली नाही.

"माझी जाऊ गेली तवा बी डॉक्टरांनी हेच सांगितलं. म्हणे, तिनं ऐकलं न्हाई. ती बिचारी सगळं ऐकायची. उन्हाळ्याचं खुरपायला जायची, उपाशी. तिला कोणी इचारलंच न्हाई, बाई तू खाती कवा. मेली ती मेली, वरून तिच्याच नावानं बोल."

ज्याला आम्ही डॉक्टर मंडळी अज्ञान, भीती, गैरसमज असं काय काय म्हणत होतो, ते मला त्या वेळी दिसलं. त्यांना सुईची भीती नव्हतीच. सुई देऊन बोल लावणाऱ्यांची होती, आणि मी चारच दिवसांत त्यांच्यात जाऊन बसले होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी हे खोडते."

"खोड का ठेव. सुई म्या आता घेत न्हाई."

"उद्या मी प्लॉटवर येऊ का? बघायला?"

"बघायला कोणी येत नसतं तिथं. यायचं तं कामाला ये. अन् आमच्यासंगं खायचं. आधी बिलकुल न्हाई."

प्लॉटवर

या भागात बियाण्याचे प्लॉट असतात हे मला ऐकून माहीत होतं. कपाशीचं संकरित बी हाताने तयार होतं हे मात्र माहीत नव्हतं. संध्याकाळी बायका उद्या उमलणाऱ्या कळ्या नखाने सोलतात, आतले पुंकेसर काढून टाकतात आणि खुणेला लाल दोरा अडकवतात. सकाळी नर झाडाची फुलं तोडून आणतात आणि एकेका सोललेल्या कळीवर त्यांचा पराग हलकेच फिरवतात. हेच क्रॉसिंग. ऊन चढलं की पराग निकामी होतो, आणि काल सोललेली कळी आज राहिली तर वाया जाते. म्हणून तास, म्हणजे कपाशीची ओळ, पुरा होईपर्यंत कुणी भाकरीचं फडकं सोडत नाही. त्यात तिखटाचा हात फुलाला लागला की फूल गळतं असं त्या बायकांचं म्हणणं. पाऊस असला की पराग भिजतो, काम बंद. तेव्हाच काय ते घरी नऊ वाजता जेवण.

नऊ वाजता मी तासात उभी राहिले, नुसत्या चहावर. पहिल्या दहा कळ्यांपैकी चार मी मोडल्या. शेजारच्या बाईने त्या उचलून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "डॉक्टरीनबाई, हे बघा तुमचे पेशंट." सगळा तास हसला. प्रयागबाई पट्टीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून माझ्या पुढे होत्या. त्यांची बोटं झाडावरून अशी फिरत होती की मला मोसंबी टोचणारा तो हलका हात आठवला आणि कळलं, तो कुठून आला.

अकरा वाजले. मला कुठलाही आजार नाही, मी इन्सुलिन घेतलेलं नाही, तरी बोटांपुढची फुलं धूसर दिसू लागली. बारा वाजून गेल्यावर तास संपला. बायकांनी ड्रमच्या पाण्याने हात धुतले आणि बांधावरच्या कडुलिंबाखाली फडकी सोडली. ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, कांदा, ठेचा. पहिला घास घेतला तेव्हा मला रडूच आलं, आणि ते भुकेचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

जेवताना मी वही काढली. "मावशी, उठता कधी, इथून सुरू करा."

त्यांनी सांगितलं. पाणी, झाडलोट, चहा, वाट, तास, बांध, परतणं, पुन्हा चारला कळ्या सोलायला येणं, रात्रीची भाकरी. पाऊस असला तर कसं. सणाला कसं. दोन पानं भरली. मी बांधावरूनच सरांना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मात्रा कमी केली, दिवसाची सुई बांधावर, भाकरीच्या तोंडावर ठेवली, कंबरेच्या पिशवीत साखर कायम. मग म्हणाले, फोन त्यांना द्या. प्रयागबाईंनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

मी रोज सकाळी जात राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घास घेण्याआधी हात पुढे केला. "आण ती बाटली. रोज पिशवीत घेऊन फिरून राह्यली, मला काय दिसत न्हाई?"

सुई त्यांनी स्वतः भरली. टोचण्याआधी भोवतीच्या बायकांना बजावलं, "म्या बडबड करायला लागले तं आधी तोंडात साखर घाला. जीप मंग." बायकांनी कामाच्या वाटण्या व्हाव्यात तशी ही जबाबदारी वाटून घेतली, कुणी साखर सांभाळायची, कुणी फोन करायचा. माझ्या कागदावर यासाठी रकाना नव्हता.

परतल्यावर

परिषदेत मी हकिकत वाचली. ते वाक्य बदलून असं केलं: रुग्णाने सूचना तंतोतंत पाळली, वेळ मी चुकीची ठरवली. सभागृहात थोडी कुजबुज झाली. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की प्रामाणिकपणा ठीक, पण सगळंच व्यासपीठावर बोलायचं नसतं. पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या मुलाची निवड झाली. वाईट वाटलं. नाही वाटलं असं म्हणणार नाही. साळवे सर शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी मला कॅन्टीनमध्ये नेऊन डोसा खायला घातला आणि निवडीचा विषय काढला नाही.

त्यानंतर महिन्याभराने दुपारी मेसमध्ये असताना फोन वाजला. शीलाचा नंबर.

"म्या प्रयागबाई बोलून राह्यले. जेवली का?"

"जेवतेय मावशी. अंगठा कसा आहे?"

"भरून राह्यला. ते न्हाई, दुसरं काम व्हतं. क्रॉसिंग सरलं. आता वेचणी लागली. वेचणीला आम्ही घरूनच खाऊन निघतो, सकाळी सातला. म्या सरांकडं जाऊन आले, त्यांनी सुईची वेळ बदलून देली. तुझ्या कागदात बाराचीच असंल ना?"

"हो, बाराचीच आहे."

"ती खोड. पावणेसात लिही. न्हाई तं उद्या कोणी वाचलं तं म्हणंल, हिनं ऐकलं न्हाई."

कागद वाचून झाला होता, परिषद उरकली होती, त्या कागदाकडे आता कुणीच पाहणार नव्हतं. मी ताट बाजूला सारलं, वही उघडली, बारा खोडलं आणि पावणेसात लिहिलं.

"लिहिलं मावशी."

"वाच मंग," त्या म्हणाल्या, आणि मी वाचून संपवेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.